पांखरांच्या मागें एक दिवस

पक्षी पाहावयास म्हणून घरांतील सात माणसांनीं पहांटे चार वाजतां उठावें, आणि तेंही सुट्टीच्या दिवशीं, ही गोष्ट आमच्या घरांत पूर्वीं कधीं घडली नव्हती. आम्ही डोंबिवलीस तीन पिढ्या राहात आहों. देवदर्शनाचा प्रवास आमच्या कुटुंबाला ठाऊक आहे, लग्नकार्याचा ठाऊक आहे, आणि मुंबईच्या लोकलगाडीचा प्रवास तर अंगवळणीं पडून गेला आहे. परंतु जेथें देऊळ नाहीं, आप्तांचें घर नाहीं व कचेरीही नाहीं, अशा ठिकाणीं केवळ झाडावर अथवा चिखलांत काय बसलें आहे तें पाहाण्यासाठीं जावयाचें, हें आमच्या वडील बंधूंना, म्हणजे दादांना, प्रथम पटेना. शेवटीं पुतणीनें हट्ट धरला. तिच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एक बाई सुट्टीच्या दिवशीं लहान लहान मंडळ्या घेऊन पक्षी दाखवावयास जातात. त्यांनीं आमच्यासाठीं माघ वद्य द्वितीयेचा दिवस ठरवून दिला. सकाळीं येऊरचें रान, दुपारीं ऐरोलीची खाडी, आणि परतीच्या वाटेवर डोंबिवलीचाच खाडीकांठ, असा बेत होता.

निघण्याच्या आदल्या रात्रीं दादांनीं आपल्या पिशवींत औषधाची डबी, वाचावयाचा चष्मा आणि एक लांब लखोटा ठेवला. या लखोट्याची हकीकत आधीं सांगितली पाहिजे. आमच्या इमारतीच्या मागें एक सखल जागा आहे. पावसाळ्यांत तेथें जें पाणी सांचतें तें माघापर्यंत पुरतें. मध्यें लव्हाळा व पाणकणीस माजलें आहे. एका अंगानें शेजारचें गटार त्यांत येऊन पडतें. आणि घरदुरुस्तीचा दगडविटांचा राबिट कोणी कोणी तेथेंच ओतून जातात. डासांना सर्व बिऱ्हाडें कंटाळलेलीं, शिवाय मोटारी उभ्या करावयास जागा नाहीं. तेव्हां भराव घालून ही जागा सारखी करून मिळावी असा अर्ज करण्याचें ठरलें. इमारतीच्या संस्थेचे अध्यक्ष दादा असल्यामुळें मसुदा लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि "सदर जागा पडीक व निरुपयोगी असून तेथें रात्रीबेरात्रीं कर्कश ओरडणाऱ्या जनावरांचा उपद्रव होतो" हें वाक्य आमच्याच लेखणींतून उतरलें. वाक्य बरें साधलें असें त्या वेळीं आम्हांस वाटलें होतें. बाकी सर्वांच्या सह्या झाल्या होत्या. अध्यक्षांची तेवढी राहिली होती. "वाटेंत एकदां वाचून पाहातों आणि सही करितों," असें म्हणून दादांनीं लखोटा पिशवींत टाकला, व तो दिवसभर आमच्याबरोबर हिंडला.

ठाण्यास उपवन तळ्यावरून वर चढणारा रस्ता येऊरच्या डोंगरावर जातो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा भाग होय. सारें उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटर असून त्याच्या पोटांत विहार व तुळशी हे दोन तलाव आहेत. विहारचें काम १८६० सालीं व तुळशीचें १८७९ सालीं पुरें झालें. मुंबईस पाणी मिळावें म्हणून तलाव बांधले, आणि तलावांचें पाणी निर्मळ राहावें म्हणून भोंवतालचें रान राखिलें. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशींत हें अरण्य उरलें त्याचें एक कारण हें आहे. माणसांनीं आपल्या तहानेसाठीं जें राखिलें, त्यांत बिबट्यांची व पांखरांचीही सोय झाली.

वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आम्ही आंत शिरलों तेव्हां नुकतें फटफटीत झालें होतें. बाईंनीं प्रथम नियम सांगितले. मोठ्यानें बोलावयाचें नाहीं. पक्षी दिसला म्हणून हात उंचावून धांवावयाचें नाहीं. आणि पहिलीं दहा मिनिटें कोणीं कांहीं पाहावयाचेंच नाहीं, डोळे मिटून नुसतें ऐकावयाचें. आमच्या धाकट्या चिरंजीवाला ही शिक्षाच वाटली. परंतु आमच्या मातोश्री, ज्यांना सर्व माई म्हणतात, त्यांना हा नियम फार मानवला. त्यांचें वय ऐंशीच्या पुढें. चालवत नाहीं म्हणून त्या एका दगडावर बसून राहिल्या. थोड्या वेळानें त्यांनीं हळूच विचारलें, "पोरी, हा टुक् टुक् टुक् करणारा तांबटच ना गं?"

बाईंनीं होय म्हटलें, आणि दुर्बीण त्यांच्या डोळ्यांशीं धरून समोरच्या वठलेल्या फांदीवर स्थिर करून दिली. चिमणीहून थोडा मोठा, हिरव्या अंगाचा, कपाळावर व छातीवर तांबडा ठिपका असलेला तो पक्षी प्रत्येक टोल्याबरोबर गळा फुगवीत होता. तांबटाच्या हातोड्यासारखा आवाज, म्हणून त्याला हें नांव. माईंचें बालपण कोंकणांतील आजोळीं गेलें. त्या म्हणाल्या, "ऐंशी वर्षें हा आवाज ऐकतें आहें. तो येवढासा आहे हें आज कळलें." पुढें जावयाचें म्हटलें तरी त्या दुर्बीण सोडीनात.

माघांत येऊरची सावर फुलते. पानें सर्व गळून गेलेलीं आणि फांद्यांवर तांबडीं, मांसल, वाटीएवढीं फुलें. असें एक झाड गांठून बाईंनीं आम्हांस त्याच्याखालीं अर्धा तास उभें केलें. हिंडत बसण्यापेक्षां फुललेल्या झाडाखालीं उभें राहावें, पाहुणे आपण होऊन येतात, असें त्यांचें म्हणणें. तें खरें ठरलें. निळसर काळे शिंजीर आले, हळद्या आला, काळे कोतवाल आले; शेपटीला दोन लांब तारा व त्यांच्या टोकांस पिसांची फुलें लावलेला भृंगराज आला. मग गुलाबी पोटाच्या व काळ्या डोक्याच्या पळसमैनांचा थवाच येऊन पडला. यांनाच देशावर भोरड्या म्हणतात, आणि ज्वारीच्या शेतकऱ्यांस त्या चांगल्या परिचित आहेत. मध्य आशियांतून दर हिंवाळ्यांत त्या आपल्याकडे येतात. फुलांतील रस पितांना सर्वांचीं तोंडें परागानें माखत होतीं, व तेंच तोंड घेऊन तीं पांखरें दुसऱ्या झाडावर जात होतीं. सावरीला बी धरतें तें या येण्याजाण्यामुळें.

उंबराच्या शेंड्यावर हरियाल दिसले. हें हिरवट-पिवळें कबुतर महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. राखी धनेशाची जोडी पंख फडफडवीत डोक्यावरून गेली, तेव्हां बाईंनीं त्यांच्या संसाराची रीत सांगितली. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलींत शिरते व ढोलीचें तोंड लिंपून बंद होतें. एक बारीक फट तेवढी उरते, आणि नर तिला व पुढें पिलांना त्या फटींतून भरवितो. "म्हणजे बाळंतिणीची खोली," वहिनी म्हणाल्या. त्यावर माईंनीं, "आणि पुरुष बाहेरून पथ्याचें आणून देतो! आपल्याकडे हें कधीं पाहिलें नाहीं," असें म्हटल्यावर मौनाचा नियम सर्वांनींच मोडला.

परतीच्या वाटेवर दादा मागें रेंगाळले होते. ते एका ओढ्याशीं थांबून अगदीं स्तब्ध उभे होते. आम्ही जवळ गेलों तों त्यांनीं नुसती मान हलवून दाखविलें. पांढराशुभ्र पक्षी, डोकें काळें, आणि मागें हातभर लांब दोन पांढऱ्या फिती. एका फांदीवरून दुसरीवर तो गेला तेव्हां त्या फिती पाण्यावरील रेघेसारख्या मागून गेल्या. "स्वर्गीय नर्तक," बाईंनीं कानांत सांगितलें. दादा आयुष्यभर हिशेबखात्यांत नोकरी केलेले गृहस्थ. त्यांनीं खिशांतून पेन काढलें, जवळ दुसरा कागद नव्हता म्हणून पिशवींतला लखोटा काढला, आणि त्याच्या पाठीवर तारीख, वेळ व पक्ष्याचें नांव लिहून ठेविलें.

उपवनाच्या कांठीं बसून आम्हीं फराळ केला. दडपे पोहे, तिखटमिठाच्या पुऱ्या व ताक असा बेत होता. बाईंच्या पिशवींत एक झिजलेलें पुस्तक होतें, डॉ. सलीम अली यांचें, जें प्रथम १९४१ सालीं निघालें. त्यांची गोष्ट मुलांनीं येथें ऐकली. १८९६ सालीं मुंबईस जन्मलेल्या या मुलानें लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी म्हणून घरांत कोणासच सांगतां येईना, तेव्हां ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला. ही संस्था १८८३ सालीं स्थापन झालेली. तेथील चिटणीस मिलर्ड साहेबांनीं मुलाला हांकून न देतां कपाटें उघडून पेंढा भरलेले शेंकडों पक्षी दाखविले. त्या एका नांवाच्या शोधांतून पुढें हिंदुस्थानांतील पक्षिशास्त्राचें मोठें काम उभें राहिलें. "नांव माहीत नव्हतें म्हणून ते विचारावयास गेले," बाई म्हणाल्या. "आपण बहुधा विचारीत नाहीं. 'कसलें तरी पांखरूं आहे' म्हणतों आणि पुढें जातों."

फराळ उरकल्यावर बाई म्हणाल्या, "आतां ऐरोलीस चलूं. होडी भरतीच्या पाण्यावर सुटते. आज भरती दीडच्या सुमारास आहे." हें ऐकून माई म्हणाल्या, "तें मीं काल रात्रींच काढलें आहे." तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, येईल तितके वाजतां भरती, हा किनाऱ्यावरील जुना ठोकताळा त्यांना माहेरापासून पाठ. आज द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां उगवतो, आणि भरतीही त्याच्या मागोमाग सरकते. ठोकताळ्यांत पन्नासाच्या जागीं पंचेचाळीस धरलेलीं आहेत, एवढाच फरक. बाईंनीं हें लगेच आपल्या वहींत टिपून घेतलें.

ठाण्याची खाडी ही आम्हीं जन्मभर रेल्वेच्या खिडकींतून पाहिलेली. १८५४ सालीं ठाण्याहून कल्याणास आगगाडी जाऊं लागली ती या पाण्यावरील पुलावरून. परंतु पूल आला कीं लोक वर्तमानपत्र घडी करतात आणि उतरण्याच्या तयारीस लागतात. पाण्याकडे कोण पाहातो! उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीवरून येऊन वसईच्या खाडीनें समुद्रास मिळते, आणि तिचा एक अरुंद फांटा ठाण्याजवळ दक्षिणेकडील या खाडीशीं जोडलेला आहे. म्हणजे आमच्या डोंबिवलीचा कांठ व हा कांठ एकाच पाण्याचे दोन नातलग होत. २०१५ सालीं येथें सुमारें १७ चौरस किलोमीटर क्षेत्राचें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य जाहीर झालें. त्याचा निम्म्याहून थोडा अधिक भाग खारफुटीचा व बाकीचा पाण्याचा आहे. इराणांतील रामसर गांवीं १९७१ सालीं पाणथळ जागांच्या रक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत २०२२ सालीं ठाण्याच्या खाडीचें नांव आलें. महाराष्ट्रांत त्यापूर्वीं हा मान नांदूर-मध्यमेश्वर व लोणार यांस मिळाला होता.

ऐरोलीस वनखात्याचें सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून लाकडी फळ्यांच्या वाटेनें धक्क्यावर जातांना दोहों बाजूंस तिवरांचें बन लागतें. तिवराचीं मुळें पेन्सिलीसारखीं चिखलांतून उभीं वर आलेलीं असतात. चिखलांत हवा नसल्यामुळें झाड त्यांच्या वाटे श्वास घेतें. खाऱ्या पाण्यांतून आलेलें मीठ तें पानांवाटे बाहेर टाकतें. चिरंजीवानें एक पान जिभेला लावून पाहिलें व तोंड वांकडें केलें. खालीं ओल्या चिखलावर निवट्या उड्या मारीत होत्या, लाल चिंबोऱ्या बिळांत शिरत होत्या, आणि पलीकडे कंबरभर पाण्यांत उभा राहून एक कोळी पाग फेंकीत होता.

होडी सुटली. प्रारंभीं कांहींच दिसेना. आम्हीं मोठ्या उत्साहानें तिवरावरील एक पांढरा बगळा सर्वांना दाखविला. दुर्बिणींतून पाहातां ती प्लास्टिकची पिशवी निघाली. मुलें हंसलीं. पण पुढें गेलों तसतशा अशा पिशव्या पुष्कळ झाडांना लोंबतांना दिसल्या, आणि त्या आमच्यासारख्यांच्याच घरांतून निघालेल्या होत्या, हें उघड होतें.

ओहोटी लागून तासभर झाला तेव्हां कांठचा चिखल उघडा पडूं लागला, आणि दक्षिणेकडून आकाशांत एक गुलाबी रेघ उमटली. ती जवळ आली, खालीं उतरली, तिच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. पाहातां पाहातां समोरचा सारा कांठ गुलाबी झाला. रोहित, ज्यांना अग्निपंखही म्हणतात, इंग्रजींत फ्लेमिंगो. त्यांत लहान रोहित तीनएक फुटांचा, गडद तांबड्या चोंचीचा. मोठा त्याहून उंच, फिकट, आणि चोंचीचें टोंक तेवढें काळें. खाण्याची तऱ्हा विलक्षण. मान खालीं घालून चोंच उलटी पाण्यांत धरावयाची, जिभेनें पाणी आंत-बाहेर करावयाचें, आणि चोंचीच्या कडेच्या बारीक दांत्यांच्या गाळणींतून अन्न वेगळें करावयाचें. "सोजी चाळतात तसें," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. बाईंना ही उपमा फार आवडली. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो, मोठा बारीक जीव व शिंपले खातो. आणि त्यांचा रंग जन्माचा नव्हे, तर या अन्नांतून मिळालेला असतो. पिलूं करड्या रंगाचें असतें.

हे पक्षी कच्छच्या रणांत वीण करितात आणि हिंवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत इकडे राहातात. मोठ्या संख्येनें ते येऊं लागले ते गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून. कांहीं वर्षीं त्यांची गणना लाखाच्या वर गेली आहे. ते याच खाडींत कां यावे? याचें एक कारण अभ्यासक सांगतात तें ऐकून आम्ही ओशाळलों. दोन्ही कांठांवरील शहरांचें सांडपाणी खाडींत येतें, त्यांतील द्रव्यांनीं शेवाळ माजतें, आणि शेवाळावर रोहित पोसतात. दादांनीं विचारलें, "म्हणजे घाण केली तें बरेंच झालें म्हणावयाचें?" बाई म्हणाल्या, "नाहीं काका. शेवाळ वाढलें म्हणून एक पक्षी वाढला. परंतु त्याच घाणीनें मासे कमी झाले. पाग टाकणाऱ्या त्या मामांना विचारा. आणि तीच घाण अति झाली, तर उद्यां शेवाळ बदलेल व रोहितही जातील."

मग त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. भरतीच्या वेळीं सारा चिखल पाण्याखालीं जातो. तेव्हां या पक्ष्यांना उभें राहावयास जागा नसते. ते उठून आसपासच्या वस्तींतील उथळ तळ्यांवर जातात व ओहोटी लागली कीं परततात. मघांची गुलाबी रेघ अशा तळ्यांवरून परतणाऱ्यांची होती. "खाडी हें त्यांचें स्वयंपाकघर, तर तीं तळीं म्हणजे त्यांची ओसरी. अभयारण्य खाडीला मिळालें. तळीं मात्र बाहेर राहिलीं. एकेक बुजत गेलें तर त्यांनीं दुपारीं बसावें कोठें?" मे २०२४ मध्यें घाटकोपरावर रात्रीं उडणाऱ्या रोहितांच्या थव्याशीं उतरणाऱ्या विमानाची टक्कर होऊन तीस-चाळीस पक्षी मेले, ही बातमी आम्हांस आठवली. त्या वेळीं ती वाचून आम्हीं हळहळ व्यक्त केली होती आणि पान उलटलें होतें.

परततांना महापे व शीळ या मार्गानें आलों. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोहों अंगांस आमच्या लहानपणीं भाताचीं खाचरें होतीं. आतां त्यांच्या जागीं वीस वीस मजल्यांच्या इमारती आहेत. मध्येंच निळज्याचें तळें लागतें. डोंबिवली पश्चिमेस खाडीकांठीं सातपूल नांवाची जागा आहे. पक्षी पाहाणाऱ्यांत ती चांगली परिचित, आणि आम्ही मात्र तीन पिढ्या त्याच गांवीं राहून तेथें पूर्वीं कधीं गेलों नव्हतों. साडेपांचाचा सुमार होता. उन्हें तिरपीं झालीं होतीं. पाणी ओसरून मधूनमधून चिखल चकाकत होता.

लांब गुलाबी पायांचे शेकाटे पाण्यांत हिंडत होते. टिटवी ओरडत होती. शराटी वांकडी चोंच चिखलांत खुपसून किडे काढीत होते. तारेवर वेडे राघू बसले होते, आणि दलदली हारिण जमिनीलगत तरंगत गवत धुंडाळीत होती. एका डबक्यांत बदकें पोहत होतीं. त्यांची चोंच काळी, टोंकाशीं पिवळी, आणि कपाळाच्या मुळाशीं दोन तांबडे ठिपके. बाईंनीं नांव सांगितलें, "हळदीकुंकू बदक." वहिनी व आमच्या सौभाग्यवती यांच्या मुद्रा पाहावयासारख्या झाल्या. माघ महिना, रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकवें होऊन गेलेलीं. "आपलें संपलें, यांचें चालूच आहे," माई म्हणाल्या.

इतक्यांत लव्हाळ्यांतून एक काळसर पक्षी बाहेर आला. तोंड, गळा व छाती पांढरी स्वच्छ, आंखूड शेपटी सारखी वरखालीं हालणारी, चाल मोठी सावध. बाई म्हणाल्या, "पांढऱ्या छातीची पाणकोंबडी. ही एरवीं गुपचूप असते. पण पावसाळ्यांत विणीच्या दिवसांत रात्ररात्र ओरडते. कुवाक् कुवाक्, मधूनच घुरघुर, घशांत कांहीं अडकल्यासारखें."

आम्ही व दादा एकमेकांकडे पाहूं लागलों. पुतणीला हंसूं आवरेना. तिनें बाईंना सांगून टाकलें, "बाई, हिच्याविरुद्ध आमच्या घरांतून अर्ज जावयाचा आहे."

मग लखोटा बाहेर निघाला. दादांनीं अर्ज बाईंच्या हातीं दिला. त्यांनीं तो शांतपणें वाचला. त्या म्हणाल्या, "भाषा चांगली आहे." हें ऐकून आम्हांस जमिनींत शिरावेंसें वाटलें.

दादांचा प्रश्न सरळ होता. "पांखरें खरीं. पण गेल्या वर्षीं आमच्या इमारतींत दोन मुलांना डेंग्यू झाला. मला अध्यक्ष म्हणून उत्तर द्यावें लागतें. डासांचें काय करावयाचें?"

बाईंनीं प्रश्न उडवून लावला नाहीं. डेंग्यूचा डास, त्या म्हणाल्या, बहुधा घरांतील व घराभोंवतालच्या स्वच्छ, सांठलेल्या पाण्यांत वाढतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरील उघड्या टांक्या, टाकून दिलेले टायर, नारळाच्या करवंट्या. मागील जागा बुजविली आणि गच्चीवरील टांकी उघडीच ठेविली, तर डेंग्यू जागच्या जागीं राहील. सांजवेळीं कानाशीं गुणगुणणारे डास निराळे. ते गटाराच्या कुजक्या पाण्यांत होतात. तें गटार बंद करून नळांत घातलें, राबिट व प्लास्टिक उपसलें, तर त्या पाण्यांत मासे, बेडूक व चतुरांच्या अळ्या टिकतील, आणि डासांच्या अळ्या हेंच त्यांचें अन्न. "मुळींच डास राहाणार नाहींत असें मी म्हणणार नाहीं," त्या म्हणाल्या, "पण भराव घातल्यानें जातील असें कोणी म्हणत असेल तर तेंही खरें नाहीं."

यावर माई बोलल्या. "२००५ सालचा पूर आठवा. २६ जुलैला पाणी कोठून आलें होतें?" आम्हां सर्वांना आठवलें. त्या दिवशीं आमच्या तळमजल्याच्या बिऱ्हाडांत गुडघाभर पाणी शिरलें होतें, तें पुढील रस्त्याकडून. मागील बाजूचें पाणी त्या सखल जागेंत जाऊन राहिलें होतें. ती जागा तेव्हां भरलेली असती तर तेंही पाणी जिन्यापर्यंत आलें असतें. हें आम्हां घरांतील माणसांना ठाऊक होतें, आणि अर्ज लिहितांना कोणाच्याही मनांत आलें नव्हतें.

दादा कांहीं वेळ खाडीकडे पाहात उभे राहिले. मग त्यांनीं विचारलें, "ही पाणकोंबडी आमच्याकडे बारा महिने असते का?" बाई म्हणाल्या, "पाणी व लव्हाळा असेल तर असते." सूर्य मावळला. वंचक व बगळे ओळीनें घरट्यांकडे निघाले, आणि आम्हीही निघालों.

घरीं येऊन दिवा लागल्यावर दादांनीं आम्हांस मसुदा परत दिला. सही केली नव्हती, फाडलाही नव्हता. "पडीक व निरुपयोगी" हे शब्द मात्र खोडलेले होते. नवा अर्ज आम्हीं त्याच रात्रीं लिहिला. गटार नळांत घालून मिळावें, राबिट टाकण्यास बंदी व्हावी, आणि कांठास कुंपण व्हावें, अशा तीन मागण्या त्यांत आहेत. मोटारींचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. ज्या शेजाऱ्यांनीं पहिल्या अर्जावर सह्या केल्या आहेत त्यांस हें कसें रुचेल तें सांगवत नाहीं. येत्या रविवारीं सभा आहे, आणि तींत आमचें घर एकटें पडण्याचा संभव पुष्कळ आहे. ज्यानें पहिला अर्ज लिहिला त्यानेंच दुसरा वाचून दाखवावा असें दादांचें म्हणणें पडलें, व तें न्याय्य आहे.

आमच्या वाचकांपैकीं कोणास असा दिवस काढावयाचा असेल त्यांनीं मार्गशीर्ष ते फाल्गुन या महिन्यांत काढावा. खाडीवर जावयाचें तर आधीं भरतीची वेळ पाहावी. मातकट अथवा हिरव्या रंगाचे कपडे घालावेत. आणि जाणता माणूस बरोबर असावा. वृद्धांस घरीं ठेवूं नये. जें त्यांनीं जन्मभर ऐकलेलें असतें तें आपण पुस्तकांत शोधीत बसतों.

दुसऱ्या दिवशीं पुतणीनें मागील खिडकीच्या गजाला एक वही दोरीनें बांधून ठेविली. दुपारपर्यंत तींत तीन नांवें पडलीं होतीं: वंचक, खंड्या, पांढऱ्या छातीची पाणकोंबडी. चौथें नांव माईंच्या अक्षरांत आहे, वेळ पहांटेची, आणि पुढें त्यांनीं लिहिलें आहे, "दिसला नाहीं, ऐकला. तांबट."